सात नंबरचा नट

शेडच्या मधल्या भिंतीत सोळा पत्रे होते. नऊ गाडीच्या अलीकडे, सात पलीकडे. मधल्या जागेत पत्रा नव्हता, तिथे गाडी उभी होती. भिंत घातली तेव्हा गाडी बाजूला घ्यायची म्हटलं तर कुणाच्या बाजूला, यावरून दोघा भावांत पुन्हा जुंपली असती. म्हणून भिंतच गाडीच्या डाव्या दारापाशी येऊन थांबली आणि उजव्या दारापासून पुन्हा सुरू झाली. गेली नऊ वर्षं गाडीचं नाक काकांकडे होतं आणि पाठ बाबांकडे.

रविवारी सकाळी साडेआठ वाजता मोजपट्टीने वहीत लिहिलं: हेडवर नट दहा. घट्ट नऊ. सैल एक, नंबर सात. काकांच्या बाजूला लाकडी खोकी सहा. सहाही सुतळीने बांधलेली.

मोजपट्टी हे नाव काकांनी ठेवलेलं. लहानपणी ती मुंग्यांच्या रांगेची लांबी मोजत बसायची. पुढे पदार्थविज्ञान शिकून आली तेव्हा काका म्हणाले, "चला, आता सरकारी शिक्काही बसला." ती बाबांची एकुलती मुलगी. बाबा टर्नर, त्यांच्या बाजूला लेथ. काका त्यांचे मोठे भाऊ, इंजिन फिटर. त्यांच्या बाजूला लांब बाकडं, पाने, आणि आता ही खोकी. येत्या एक तारखेला काका चार गल्ल्या सोडून दुसऱ्या शेडमध्ये जाणार होते. एक तारीख परवावर आली होती.

तसे ते गेल्या वर्षीच जायचे. पण आजोबांनी मधेच जाहीर केलं की ही गाडी एकदा चालू करून दाखवा, नाहीतर भंगारात घाला, मला दोन्ही चालेल. कुठलाच मुलगा भंगाराला हो म्हणेना, म्हणून दोघंही कामाला लागले. पहिले सहा महिने बोलणं नव्हतं. काका सुटा भाग पुढच्या सीटवर ठेवायचे, बाबा तो पलीकडच्या दारातून उचलायचे, लेथवर दुरुस्त करून पुन्हा सीटवर ठेवायचे. सातव्या महिन्यात काकांनी सीटकडे बघत विचारलं होतं, "हा अर्धा दोरा कमी केलास का?" आणि बाबांनी स्टिअरिंगकडे बघत सांगितलं होतं, "पाऊण." त्यानंतर बोलणं सुरू झालं. फक्त मापांबद्दल, पण रोज.

अकराव्या महिन्यात, बुधवारी, हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, बसलं. दोघांनी मिळून दहाही नट मोजपट्टीच्या टॉर्क पान्याने साडेचारवर आणले. टॉर्क पान्याला तबकडी असते आणि नट किती जोराने आवळला हे तिच्यावर दिसतं. साडेचार म्हणजे साडेचार, कमी नाही की जास्त नाही. गुरुवारी दुपारी काकांनी सहज हात लावला तर सात नंबरचा नट नुसताच फिरत होता. ब्लॉकमधले, म्हणजे इंजिनच्या ओतीव लोखंडी धडातले, आटे गेले होते. काका पत्र्याकडे तोंड करून म्हणाले, "ह्याच्या हाताला काही कळत नाही, हे मला नऊ वर्षांपूर्वीच कळलं होतं." पलीकडून उत्तर आलं, "फिटर कोण आहे इथे?" संध्याकाळी खोकी बांधून झाली.

मोजपट्टीला एक गोष्ट माहीत होती आणि ती वहीत नव्हती. गुरुवारी सकाळी सात चाळीसला शेडमध्ये ती एकटी होती. तिने सात नंबरवर पाना लावला होता. पाव फेरा द्यायचा होता. आधी पाना जड होता. अर्ध्या वाटेवर तो एकाएकी हलका झाला. तिने पाना जागेवर टांगला, हात पुसले आणि बाहेर येऊन चहा प्यायला. तीन दिवस ती दोघांची भांडणं ऐकत होती आणि तिच्या तोंडाला कुलूप होतं.

*

आत्या नऊला आली. ती तिघांत मोठी. शिवणकाम करायची. आल्या आल्या तिने खोक्यांना वळसा घातला आणि एका खोक्यावर बसली.

"उठ ताई, त्यात मायक्रोमीटर आहे," काका म्हणाले.

"मग बांधतोस कशाला? मायक्रोमीटर काय पळून जाणार आहे?"

"मी जाणार आहे."

"तू दहा वर्षांचा असतानाही घर सोडून जाणार होतास. तेव्हा कोपऱ्यापर्यंत गेला होतास. चार गल्ल्या म्हणजे प्रगती आहे."

बाबा गाडीच्या पलीकडून हसले. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं तसं त्यांनी हसणं खोकल्यात मिसळलं.

"तू हसू नकोस," आत्या म्हणाली. "आटे तूच घालवलेस म्हणे."

"कोण म्हणालं?"

"दादा म्हणाला. फोनवर पंचवीस मिनिटं म्हणाला."

म्हणजे आज आत्या काकांच्या बाजूने आली होती. मोजपट्टीने याची मनात नोंद केली. गेल्या खेपेला, पत्र्याच्या वेळी, ती बाबांच्या बाजूने होती.

हेड उतरवायला वीस मिनिटं लागली. नऊ नट काकांनी उलट क्रमाने, थोडे थोडे करून सोडले. दोन भावांनी दोन टोकं धरली आणि हेड सरळ वर उचललं. खालचं, गळती अडवणारं तांब्याचं गॅस्केट मोजपट्टीने दोन्ही हातांनी काढून वर्तमानपत्रावर ठेवलं. ते एकच होतं आणि दुसरं मिळायचं नव्हतं. सात नंबरचा स्टड, म्हणजे ज्या उभ्या दांड्यावर नट बसतो तो, बोटांनीच बाहेर आला. त्याच्या खालच्या टोकाला काळा चुरा चिकटलेला होता. हेच ब्लॉकचे आटे.

काकांनी चुरा अंगठ्यावर घेऊन भावासमोर धरला. "बघ. ओळख पटते का?"

"पटते. तुझ्या बाजूचा दिसतोय."

"ब्लॉकला भोकाखाली पाच मिलिमीटर बीड आहे. त्याखाली पाणी. आणखी थोडं दाबलं असतंस तर ब्लॉकच गेला असता, मग बसला असतास लेथवर नवा ब्लॉक कातत."

"मी दाबलं हे तू पाहिलंस?"

"बघायला कशाला पाहिजे? टॉर्क पान्याने साडेचार लावलं तेव्हा मी होतो. त्यानंतर कुणीतरी हात लावला. मी लावला नाही. मग राहिलं कोण?"

राहिलं कोण, हे ऐकताना मोजपट्टी व्हर्नियरने स्टड मोजत होती. हात रिकामे ठेवायचे नव्हते म्हणून तिने एक मोजला, मग उरलेले नऊही एकेक सोडवून मोजले आणि परत बसवले. नऊ स्टड ब्याण्णव मिलिमीटरचे भरले. सात नंबरचा अठ्ठ्याण्णव. तिने पुन्हा मोजला. अठ्ठ्याण्णव. तिने ते लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

*

उपाय कुणालाच विचारावा लागला नाही. भोक मोठं करायचं, त्यात मोठे आटे पाडायचे, पोलादाचा एक बुश, म्हणजे पोकळ नळकांडं, आत कायमचा बसवायचा, आणि स्टड त्या बुशात घालायचा. बुशला बाहेरून चौदाचे आटे, आतून दहाचे. असा बुश लेथवर कातावा लागतो, म्हणजे बाबांनी. ब्लॉकला भोक सरळ पाडावं लागतं, म्हणजे काकांनी.

"खोली चोवीस," काका हवेत बोलले. "पंचवीस नाही."

"चोवीस," बाबा म्हणाले. "आणि ड्रिल सरळ जावं म्हणून एक मार्गदर्शक बुश वेगळा कातून देतो. सहा आणि आठच्या स्टडला पट्टी अडकवून त्यात बसवू. नाहीतर तुझा हात."

"माझ्या हाताला काय झालंय?"

"काही नाही. माझ्या हाताला जे झालंय तेच."

साडेबारा मिलिमीटरचं ड्रिल तीन नंबरच्या खोक्यात निघालं. काकांनी सुतळीच्या गाठी एकेक करून नखांनी सोडवल्या, सुतळी बोटांभोवती गुंडाळून खिशात ठेवली आणि मग झाकण उघडलं.

लेथ सुरू झाला. पत्र्याच्या या बाजूला काका सिलिंडरच्या भोकांत फडकी कोंबत होते, म्हणजे ड्रिलचा कीस आत पडायला नको. आत्या फडकी फाडून देत होती.

"तू खरंच जाणार?" तिने विचारलं.

"सांगितलं ना."

"गाडी चालू झाली तरी?"

काकांनी एक फडकं परत बाहेर काढलं, नीट घडी घातली आणि पुन्हा कोंबलं. "गाडी चालू झाली असती तर गोष्ट वेगळी होती. बुधवारी मला वाटलं होतं. हेड बसलं तेव्हा वाटलं होतं, की काढावा एखादा पत्रा. पण हा माणूस असा आहे ताई, की समोर साडेचार म्हणतो आणि पाठ फिरली की आपलंच खरं करतो. ज्याच्याबरोबर काम करायचं त्याच्यामागे रोज कोण उभं राहणार?"

हे त्यांनी हळू सांगितलं. लेथ चालू होता, पलीकडे ऐकू जाण्याचा प्रश्न नव्हता. मोजपट्टी दीड मीटरवर होती.

लेथ थांबला. बाबा गाडीच्या दारातून वाकून आले, हातात दोन बुश, अजून कोमट. "माप घे," त्यांनी तिला सांगितलं.

तिने व्हर्नियर उचलला, उघडला आणि बंद केला.

"तो मी फिरवला," ती म्हणाली.

"काय?"

"सात नंबर. गुरुवारी सकाळी. बाबांनी नाही. मी हातचा दिला आणि तो माझ्या हातात गेला."

हातचा हा या घरातला शब्द. नट मापाने आवळून झाला की वर एक पाव फेरा हाताने द्यायचा, तो हातचा. आजोबांनी मुलांना शिकवला, मुलांनी मोजपट्टीला. टॉर्क पाना आल्यावर हातच्याची गरज उरली नव्हती, असं तिनेच बुधवारी सगळ्यांना दहा मिनिटं समजावून सांगितलं होतं.

काकांनी ड्रिल बाकड्यावर ठेवलं. "तू?"

"हो."

"तबकडीवाली तू?"

"हो."

"आणि तीन दिवस मला ह्याच्याशी भांडू दिलंस?"

"हो."

"का दिलास पण?" बाबांनी विचारलं. "तूच म्हणालीस ना, साडेचारच्या वर पाव म्हणजे धातूवर अत्याचार?"

"सात होता म्हणून. बाकीच्यांना मी हात लावला नाही. सातखालून पाणी यायचं ना, दरवेळी. लहानपणी आपण कुठेही निघालो की डिकीत पाण्याची बाटली असायची, सातसाठी. मला वाटलं एकच, थोडासा."

मग आत्याच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. ती रडतेय असं मोजपट्टीला वाटलं. ती हसत होती.

"तुझा पाव पूर्ण झाला का?"

"नाही. अर्ध्यात गेला."

"मग माझा पूर्ण झाला," आत्या म्हणाली. "बुधवारी तुमचे डबे घेऊन आले होते ना, तुम्ही हात धुवायला गेलात. मी म्हटलं, ह्या पोरांचं काही खरं नाही, सात मीच बघते. सगळा जन्म मी त्या सातला लागूनच्या सीटवर बसून पाय भिजवलेत."

"ताई! आणि मघाशी मला काय म्हणालीस?" बाबा म्हणाले.

"मघाशी मला वाटलं, माझ्या एका पावाने काय होणार? तू काय केलंस ते बोल."

बाबांनी हातातले बुश एकावर एक ठेवून पाहिले. "जेवणानंतर," ते म्हणाले. "दादा झोपला होता. एकच. पुरता पावही नसेल."

"हा बघा!" काका म्हणाले. "म्हणजे मी बोललो ते खोटं नव्हतं."

"नव्हतं," आत्या म्हणाली. "आता तू."

"मी काय?"

"तू शेडमध्ये रोज सगळ्यांत शेवटी असतोस. दिवा तू घालवतोस. दिवा घालवण्याआधी काय केलंस?"

काकांनी खिशातली सुतळी काढली, पाहिली आणि परत खिशात ठेवली. एक तारीख, चार गल्ल्या, सहा खोकी, हे सगळं या एका उत्तरावर उभं होतं आणि ते त्यांनाही दिसत असावं.

"पाव," ते शेवटी म्हणाले. "पावाला जरा वरच."

"जरा म्हणजे किती?" मोजपट्टीने विचारलं.

"वही मिट आधी!" काका आणि बाबा एकदमच ओरडले. नऊ वर्षांत ते पहिल्यांदाच एका सुरात बोलले होते, आणि मग दोघंही थोडे चमकल्यासारखे झाले.

तिने वही मिटली नाही. तिने लिहिलं: आत्या १. बाबा १, किंचित कमी. काका १, किंचित जास्त. मी १/२.

*

आजोबा साडेदहाला आले. ते काठी टेकत गाडीच्या पायरीपाटावर येऊन बसले. उघडा ब्लॉक, वर्तमानपत्रावरचं गॅस्केट, तिघा मुलांचे चेहरे हे त्यांनी पाहून घेतलं आणि कुणाला काही विचारलं नाही.

"अप्पा," काका म्हणाले, "तुमच्या हातच्याने घोटाळा केलाय. चौघांनी चार वेळा दिला."

"कुठल्या पान्याने?"

"कुठल्या म्हणजे? नेहमीच्या. सतराच्या."

आजोबांनी मान हलवली, पण ती नकारार्थी होती की नुसतीच, ते कळलं नाही. मोजपट्टी त्यांच्या शेजारी बसली आणि सातचा आणि त्याच्या जागी घालायचा नवा, असे दोन स्टड त्यांच्या मांडीवर ठेवले.

"आजोबा, हा ब्याण्णव आहे. बाकीचे नऊही ब्याण्णव आहेत. सात नंबरचा अठ्ठ्याण्णव का?"

त्यांनी लांब स्टड उचलून डोळ्यांजवळ नेला. मुलांनी आता काम थांबवलं होतं.

"कारण सातचे वरचे आटे तुमच्याआधीच गेले होते," ते म्हणाले. "तुझा बाप तेव्हा रांगत होता. मी आवळायला गेलो आणि गेले. बुश घालायची अक्कल नव्हती, हत्यारंही नव्हती. भोकाच्या तळाला थोडे आटे शिल्लक होते, म्हणून लांब स्टड करून तिथपर्यंत पोचवला. आठ-दहा मिलिमीटर धरून होता एवढंच. म्हणून तिथून पाणी यायचं."

"आम्हाला कधी बोलला नाहीत ते," आत्या म्हणाली.

"काय बोलायचं? मिस्त्रीने स्वतःच्या गाडीचे आटे घालवले, हे?"

"आम्ही सगळ्यांनी पन्नास वर्षं बाटली वाहिली, अप्पा."

"पाणी जड नव्हतं एवढं."

काकांनी तोंड पुसल्यासारखं करून हसू लपवलं. आजोबांनी काठी उचलून बाकड्यामागच्या खिळ्याकडे दाखवली. तिथे एक तोकडा पाना टांगलेला होता, अर्ध्यात तुटलेला. तो कायमच तिथे होता; भिंत घालताना तो काकांच्या वाट्याला आला आणि बाबांनी त्यावर हक्क सांगितला नव्हता, कारण तुटका होता.

"तो आण."

मोजपट्टीने आणला.

"तुटका नाही तो," आजोबा म्हणाले. "आटे गेले त्या दिवशी मी करवतीने कापला. लांब पान्याला हाताचा जोर कळत नाही. हातचा द्यायचा तो ह्याने. मी तुम्हाला हेच शिकवलं होतं."

"तुम्ही म्हणालात, वरती पाव फेरा द्या," बाबा म्हणाले.

"हातात हा होता तेव्हा म्हणालो."

मोजपट्टीने टोकापासून टोकापर्यंत मोजलं. तोकडा अकरा सेंटिमीटर. नेहमीचा बावीस. तिने दोन्ही आकडे मोठ्याने वाचले.

"म्हणजे बरोबर निम्मा," काका म्हणाले. "म्हणजे हा हातात असला की पाव फेरा पुरा होईपर्यंत माणूस थकून थांबतो. आणि आम्ही दुप्पट जोराने..." त्यांनी पुढचं बोलायचं सोडून दिलं आणि भावाकडे पाहिलं. "चौदाचा टॅप तुझ्याकडे आहे का?"

"तुझ्याकडेच आहे. नेलास तो परत कुठे दिलास?"

आटे पाडायचा तो टॅप पाच नंबरच्या खोक्यात होता. काकांनी खिशातून चाकू काढला आणि सुतळी कापली.

*

पट्टी सहा आणि आठच्या स्टडवर आवळून बसली. मार्गदर्शक बुश तिच्यात. ड्रिलला बुशची उंची अधिक चोवीस मिलिमीटरवर चिकटपट्टीचा पट्टा, आणि खाचांना ग्रीस म्हणजे कीस उडणार नाही. काका ड्रिल धरून उभे राहिले. बाबांनी न सांगता गुडघ्यावर बसून बाजूने डोळा लावला.

"सरळ?"

"सरळ."

"आता?"

"तू विचारू नकोस, चालव. वाकडं झालं तर मी ओरडतो."

बीड कोरडंच कापलं जातं. काळी भुकटी ग्रीसला चिकटून वर येत होती. चिकटपट्टी बुशच्या तोंडाला टेकली तसे काका थांबले. मोजपट्टीने भोकात खोली मोजली. तेवीस पूर्णांक नऊ. पाणी आलं नव्हतं. तिने आरसा आणि बॅटरीने तळ पाहिला. तडा नव्हता.

मग टॅप. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटतो. काकांनी दोनदा पुढे नेला आणि टॅपचं हँडल भावाकडे दिलं. "तुला मागे न्यायची सवय नाही. शीक."

"तू दे शिकवून."

अकराच्या सुमारास बुश आत गेला. बाबांनी तो तळापर्यंत फिरवला, बाहेरच्या आट्यांना चिकटद्रव लावलेलं होतं, ते वाळायला सहा तास. त्या सहा तासांत जेवणं झाली. आत्या काकांना नवीन शेडबद्दल विचारत राहिली: छत गळतं का, प्रकाश कुठून येतो, आणि काका उत्तरं देत राहिले, प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा लहान होतं. बाबांनी एकदाच विचारलं, "लेथ आहे का तिथे?" काका म्हणाले, "नाही." इतकंच.

त्या वेळात मोजपट्टीने काकांना गाठलं. "काका, तीन दिवस गप्प बसले, चुकलं माझं."

"चुकलंच," ते म्हणाले. "पण सगळ्यांत आधी तूच बोललीस, हेही लिही. सगळं आपल्या विरुद्ध लिहायचं असं कुठल्या पुस्तकात आहे?"

पाच वाजता नवीन ब्याण्णवचा स्टड बुशात गेला, गॅस्केट आलं, हेड आलं. नट मधून बाहेरच्या बाजूला, क्रमाने. आधी दोन, मग साडेतीन, मग साडेचार. पाना काकांच्या हातात, तबकडी मोजपट्टीच्या डोळ्यांसमोर, आणि बाबा नंबर पुकारत होते. सात सर्वांत शेवटी ठेवला.

"दोन."

"साडेतीन."

"साडेचार," मोजपट्टी म्हणाली. नट थांबला. पाना शेवटपर्यंत जडच राहिला.

काकांनी पाना काढला. मोजपट्टीने पाहिलं की आत्याचा उजवा हात पदरातून बाहेर आला होता, बाबांचा बाकड्यावरच्या सतराच्या पान्यापासून एक वीत अंतरावर होता, काकांनी टॉर्क पाना पुरता खाली ठेवलेला नव्हता. तिच्या स्वतःच्या उजव्या हाताची मूठ वळलेली होती. पायरीपाटावर आजोबांच्या मांडीवर तोकडा पाना होता.

"खुणा करू," ती म्हणाली. "प्रत्येक नटावरून आणि हेडवरून एकच सरळ रेघ. कुणी नट हलवला की रेघ तुटलेली दिसेल."

"आमच्यावर पहारा?" बाबा म्हणाले.

"माझ्यावरही."

"रेघा मी मारणार," आत्या म्हणाली. "तुमच्या रेघा म्हणजे गांडुळं." काकांनी लाल रंगाचा डबा दिला. तिने दहा रेघा मारल्या, एकही थेंब न सांडता, आणि शेवटी सातवर ब्रश थोडा जास्त वेळ ठेवला.

मग इंजिन चालू केलं. चौथ्या प्रयत्नाला लागलं. आजोबा पुढच्या सीटवर होते. त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. वीस मिनिटं चाललं. मोजपट्टीने सात नंबरखाली पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवून ठेवला होता, तो काढला. कोरडा होता. आत्याने तिच्या हातून तो घेतला आणि स्वतः उजेडाकडे धरून पाहिला.

सगळे निघाले तेव्हा काकांच्या बाजूची चार खोकी बांधलेली होती, दोन उघडी. काका मागे थांबले. दिवा आणि कुलूप त्यांच्याकडे होतं. किल्ल्या मात्र सगळ्यांकडे होत्या.

*

सोमवारी सकाळी सात चाळीसला मोजपट्टीने शेड उघडली. शेडमध्ये ती एकटी होती. तिने भिंग आणि व्हर्नियर घेऊन दहाही नट क्रमाने पाहिले आणि वहीत लिहिलं:

खुणा दहा. सरकलेल्या शून्य.

खोकी सहा. बांधलेलं एक.